लग्नाच्या आदल्या दिवशीची सही

डगर कुटुंबाच्या तमाम प्रेक्षकांना,



तुमच्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. तरीही हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांना येतं त्या आपल्या बायकाही या चर्चेत मागे नाहीत. वॉलमार्टचं मुख्यालय असलेल्या आमच्या बेंटनव्हिलमध्ये मराठी घरं बरीच आहेत, आणि डगरांचं टॉन्टीटाउन इथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. जेसा डगरचं लग्न तर आमच्या गावातल्याच चर्चमध्ये लागलं. त्यामुळे हळदीकुंकू असो की कुणाचा वाढदिवस, चहाचा दुसरा कप हातात आला की विषय निघतोच. आज कोणाचं लग्न, उद्या कोणाचं डोहाळजेवण. आणि सगळ्या गप्पा शेवटी एकाच प्रश्नावर येतात: "लग्नाला सहा महिने झाले की गं, अजून काही विशेष नाही?"

हा प्रश्न आर्कान्सामधली अमेरिकन शेजारीणही विचारते, फक्त इंग्रजीत.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिम बॉब आणि मिशेल यांचं लग्न १९८४ सालचं. सुरुवातीला मिशेल गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. पहिल्या मुलानंतर गर्भपात झाला, तो गोळ्यांमुळेच झाला असं दोघांनी मनाशी धरलं आणि मुलं किती व्हावीत हे देवावर सोपवलं. जिम बॉब राज्याच्या विधिमंडळात होता. २००२ मध्ये तो सिनेटच्या उमेदवारीसाठी उभा राहिला, पडला. पण मतदानाला निघालेल्या त्या लटांबराचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. त्यातून २००४ मध्ये एक माहितीपट झाला आणि २००८ पासून टीएलसी वाहिनीवर मालिका. तिच्या नावातला आकडा बाळंतपणागणिक बदलत गेला: सतरा मुलं, अठरा मुलं, एकोणीस मुलं. सगळ्यांची नावं 'ज'वरून. मुली पायघोळ स्कर्टमध्ये, शिक्षण घरीच, नाच नाही, समुद्रावर पोहणं नाही. रस्त्यात तोकड्या कपड्यातली बाई दिसली की आई "नाइकी" म्हणायची आणि मुलगे माना खाली घालून आपापल्या बुटांकडे बघायचे.

सांगलीहून मुलीच्या बाळंतपणासाठी आलेल्या एका मैत्रिणीच्या आईने हा कार्यक्रम आमच्याबरोबर बसून पाहिला होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "एकोणीस झाली खरी, पण वाढवली कोणी?" आम्ही इतका काळ पाहत होतो, कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. उत्तर कार्यक्रमातच होतं. प्रत्येक थोरल्या मुलाच्या, म्हणजे मुख्यतः मुलीच्या, वाट्याला धाकटी भावंडं नेमून दिलेली. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, अभ्यास घ्यायचा. या मावशी स्वतः पाच भावंडांच्या घरात, वहिनीच्या हाताखाली मोठ्या झालेल्या. त्यांना एका भागात कळलं ते वाहिनीने वर्षानुवर्षं "गोड व्यवस्था" म्हणून दाखवलं.

पण मूळ विषय नवपरिणितांचा. लहान मुलांचं कौतुक कितीही केलं तरी पाच-सहा वर्षांत प्रेक्षक कंटाळतो. २०१४ पर्यंत थोरल्या मुली लग्नाच्या झाल्या आणि वाहिनीला नवं सरपण मिळालं. जूनमध्ये जिलचं लग्न डेरिक डिलर्डशी, नोव्हेंबरमध्ये जेसाचं बेन सीवाल्डशी. बेन तेव्हा एकोणीस वर्षांचा, जेसा एकवीस पूर्ण करून बाविसाव्याच्या उंबरठ्यावर. जिलच्या लग्नाचा भाग चाळीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला.

त्यांच्यातली लग्नं कशी जमतात ते पाहून अमेरिकन प्रेक्षकांचे डोळे पांढरे झाले आणि आम्ही मात्र हसत सुटलो. डेरिक नेपाळमध्ये सेवाकार्य करत होता, जिम बॉबशी त्याची प्रार्थनेच्या निमित्ताने ओळख होती. बापाने मुलीला स्थळ सुचवलं. फोनवर बोलणं झालं, मग मुलगा पाहायला जिल नेपाळला गेली, अर्थात वडिलांना बरोबर घेऊन. लग्न ठरेपर्यंत हात धरायचा नाही. मिठी मारायची तर बाजूने, खांद्याला खांदा लावून. एकटं भेटायचं नाही, सोबत एखादं भावंड हवंच. मुलामुलीच्या मेसेजमध्ये आईवडीलही सामील. पहिलं चुंबन लग्नवेदीवर, आणि बेन-जेसाने तर तेही पाहुण्यांसमोर घेतलं नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात "तुम्ही दोघं जरा गच्चीत जाऊन बोला" म्हणत मागोमाग धाकट्या बहिणीला पाठवणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय वाटणार? माझी एक मैत्रीण म्हणाली, "हे तर आमच्या सदाशिव पेठेत १९८० साली होतं, फक्त कॅमेरा नव्हता."

तो कॅमेरा नव्हता, हीच गोष्ट मोठी आहे. आपल्याकडच्या आत्याबाई "पाळणा कधी हलणार" असं विचारून नव्या सुनेला भंडावून सोडतात, पण त्या प्रश्नाच्या आधी आणि नंतर जाहिराती लागत नाहीत. तुमच्या-माझ्या या चौकशीवर मात्र एक अख्खी वाहिनी चालली. जिलने जूनमध्ये लग्न केलं आणि ऑगस्टमध्ये ती गरोदर असल्याचं जाहीर झालं. तुम्ही बोटं मोजलीत. जेसाचं पहिलं मूल लग्नाच्या वाढदिवसानंतर चारच दिवसांनी जन्मलं; तेव्हाही मोजलीत. मग जिंजरचं लग्न झालं, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, जेरेमी वोलोशी. तिला मूल व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ लागला, तर तुम्ही काय काय बोललात ते आठवा. काही अडचण आहे का, की गुपचूप गोळ्या घेतेय, नवऱ्याने बंड केलं का, घरच्यांना माहीत आहे का. तिच्या पॅंट घालण्यावरून तिच्या गर्भाशयापर्यंतचे अंदाज. त्यानंतरच्या वर्षांत धाकट्या जॉय-ॲनाचं लग्न झालं, सून म्हणून केंड्रा आली, लॉरेन आली. लग्नाच्या वेळी तिघीही एकोणीस वर्षांच्या. फोटोत कोणाचा हात पोटाशी गेला की तुमच्यात चर्चा सुरू.

यात दोन तट आहेत, हे मला मान्य आहे. एका तटाला हे कुटुंब म्हणजे संस्कारांचा दीपस्तंभ वाटतं. आजच्या जगात अशी पोरं कुठे मिळतात म्हणून ते गहिवरतात. दुसरा तट कुत्सित, कधी कधी फार विनोदी. मुलींचं ब्रेनवॉश झालं म्हणून हळहळतो आणि त्याच दमात त्यांच्या केसांची, इंग्रजीची, हनिमूनची टिंगल करतो. दोन्ही तट एकाच ठिकाणी पाहत असतात, पोटाकडे. पहिला आशेने बघतो, दुसरा दयेने. ज्या मुलीचं पोट आहे तिला दोन्हींमधला फरक कळत असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या तटातल्या काहींचं श्रेय मात्र कबूल करायला हवं, त्याबद्दल पुढे बोलते.

आता डगरांच्या घरातली ही शिकवण कुठून आली ते. बिल गॉथर्ड नावाच्या गृहस्थाने १९६१ मध्ये एक संस्था काढली, तीच पुढे आयबीएलपी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांच्या पुस्तिकांत छत्र्यांचं एक चित्र असतं. सर्वांत वर ख्रिस्ताची मोठी छत्री, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची, आणि तळाशी मुलं. छत्रीबाहेर पाऊल टाकलं की सैतानाच्या हाती सापडलात. मुलीने लग्नापर्यंत बापाच्या छत्रीखाली राहायचं, लग्नानंतर नवऱ्याच्या. मधे मोकळं आभाळ नाहीच. मिशेलने नवविवाहित बायकांना दिलेला सल्लाही प्रसिद्ध आहे: दमलेली असलीस तरी नवऱ्याला आनंदाने उपलब्ध राहा. हा सगळा संसाराचा उपदेश रचणारा गॉथर्ड स्वतः आयुष्यभर अविवाहित. तीसहून अधिक बायकांनी त्याच्यावर छळाचे आरोप केले आणि २०१४ च्या मार्चमध्ये त्याला संस्थेतून पायउतार व्हावं लागलं. आपण कोणताही गुन्हा केला नाही असं त्याचं म्हणणं. त्या बायकांच्या कहाण्या उजेडात आणल्या त्या त्याच शिकवणीत वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांनी, आणि त्या लावून धरल्या तुमच्यातल्या दुसऱ्या तटाने. मार्चमध्ये गुरू पायउतार झाला, जूनमध्ये त्याच शिकवणीतल्या मुलीचं लग्न आपण डोळे पुसत पाहिलं.

आता सहीची गोष्ट. २०२३ च्या जूनमध्ये ॲमेझॉनच्या मालिकेत आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये स्वतःच्या पुस्तकात जिलने ती सांगितली. लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात पाहुण्यांची वर्दळ, तिची धावपळ चाललेली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यापुढे एक कागद आला. फक्त सहीचं पान, बाकीची पानं तिने पाहिली नाहीत. तिने सही केली. तो वाहिनीसाठीच्या चित्रीकरणाचा करार होता, हे तिला नंतर उमगलं. ती तेव्हा तेवीस वर्षांची, कायद्याच्या लेखी पूर्ण सज्ञान. लग्नाच्या घरात आदल्या दिवशी नवरीपुढे कोणी कागद ठेवला तर आपल्यातली कोणती मुलगी "थांबा, आधी वाचते" म्हणेल? त्यात ती मुलगी छत्र्यांच्या चित्राखाली वाढलेली. बापाने पुढे केलेला कागद वाचून बघणं हाच तिच्या दृष्टीने अविश्वास.

पुढचं आणखी वाईट आहे. ती म्हणते की सज्ञान झाल्यानंतरच्या साडेसात वर्षांत तिला एक पैसाही मिळाला नाही. पहिल्या बाळंतपणाचं चित्रण हवं असा वाहिनीचा आग्रह होता. निदान त्यांची माणसं खोलीत नकोत म्हणून जोडप्याने स्वतःच कॅमेरा लावायचं कबूल केलं. दवाखान्याच्या खर्चापैकी विम्यात न बसणारा हिस्सा तरी वाहिनीने द्यावा असं डेरिकने विचारलं, तेव्हा पैसे कुटुंबाला दिलेत असं उत्तर आलं. कुटुंब म्हणजे जिम बॉब. पुढे वकील करून त्यांनी काही रक्कम मिळवली. डेरिकच्या हिशेबाने ती तासांवर वाटली तर किमान वेतनाच्या जरा वर जाते. ॲमेझॉनची मालिका आल्यावर जिम बॉब आणि मिशेल यांनी आपल्या कुटुंबाचं विपरीत चित्र रंगवल्याची नाराजी जाहीर केली, तेही नोंदवते.

म्हणजे लग्नाच्या त्या भागात आपण पांढरा झगा पाहिला, फुलं पाहिली, पहिलं चुंबन किती वेळ चाललं ते पाहिलं. एका स्त्रीच्या कामाचा करार तिच्या नकळत झाला होता, तो तेवढा दिसला नाही. आणि आपल्या गप्पा ज्याबद्दल होत्या त्याचीच किंमत लागत होती. महिने मोजणारी प्रत्येक जण पुढचा भाग बघणार, हे वाहिनीला पक्कं ठाऊक होतं.

मग २०१५ चा मे उजाडला. थोरला भाऊ जॉश याने किशोरवयात पाच मुलींशी लैंगिक गैरवर्तन केलं होतं आणि त्यातल्या चार त्याच्या सख्ख्या बहिणी होत्या, हे एका साप्ताहिकाने छापलं. ज्या बहिणींना आयुष्यभर गप्प राहायचा हक्क होता, त्यातल्या जिल आणि जेसा जूनमध्ये फॉक्स न्यूजवर बसून भावाची आणि आईवडिलांची बाजू मांडत होत्या. जेसाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जिल ओली बाळंतीण होती. आज विचारलं तर मी ती मुलाखत दिली नसती, असं जिल नंतर म्हणाली. मदत करणं आपल्यावर बंधनकारक आहे असं तिला तेव्हा वाटत होतं. जुलैमध्ये टीएलसीने मालिका बंद केली. डिसेंबरमध्ये नव्या नावाने पुन्हा आणली, आणि नाव कोणाचं तर जिल आणि जेसा यांचं. घर बुडवलं कोणी आणि सावरायला उभं केलं कोणाला, बघा. ज्या दोघींना सर्वांत जास्त सोसावं लागलं त्यांच्याच संसारावर पुढचा डोलारा उभा राहिला, आणि तो २०२१ मध्ये रद्द झाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये जॉशला अटक झाली, डिसेंबरमध्ये फेएटव्हिलच्या संघीय न्यायालयात बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं मिळवल्याबद्दल आणि बाळगल्याबद्दल तो दोषी ठरला, आणि २०२२ च्या मेमध्ये साडेबारा वर्षांहून थोडी जास्त शिक्षा झाली.

या जॉशचं लग्नही आपण पाहिलं होतं. २००८ चं. पहिलं चुंबन वेदीवर, सभागृहात हुंदके. आता त्याच्या बायकोबद्दल तुम्ही "ती सोडून का जात नाही" म्हणून तावातावाने बोलता. वीस वर्षांची असताना तिच्या संयमाचं कौतुक करणारेही आपणच होतो. तिच्याबद्दल मला जास्त काही बोलायचं नाही.

कायद्याकडे वळू. कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई आईबापांनी उडवू नये म्हणून १९३९ मध्येच कायदा झाला, जॅकी कूगन या बालनटाचे पैसे त्याच्या आईने आणि सावत्र बापाने संपवल्यावर. पण तो त्या राज्यापुरता आणि तेव्हा रीतसर नोकरीवरच्या नटांसाठीच होता. घरातच कॅमेरा आणला की काम आणि जगणं यांची सरमिसळ होते आणि मुलं कामावर आहेत असं कोणी धरत नाही. समाजमाध्यमांवर झळकवल्या जाणाऱ्या मुलांना पैशाचा वाटा देणारा इलिनॉयचा कायदा २०२४ मध्ये लागू झाला. भारतात २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार मनोरंजन क्षेत्रातल्या मुलाला दिवसात पाच तासांहून जास्त राबवता येत नाही आणि कमाईचे किमान वीस टक्के त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. नियम चांगला आहे. पाळतात किती हा वेगळा लेख होईल. पण हे सगळं अठराच्या आतल्यांसाठी. तेवीस वर्षांच्या नवरीला यातला एकही कायदा उपयोगी पडला नसता. वय वाढल्यावर जिथे कायदा सोडून देतो तिथेच तिची अडचण सुरू होते, कारण घराने तिला सज्ञान केलेलंच नसतं.

तरी त्यांना बिचाऱ्या म्हणू नका, एवढी कृपा करा. जिंजरने २०२३ च्या जानेवारीत पुस्तक लिहून गॉथर्डच्या शिकवणीपासून फारकत घेतली, धर्म न सोडता. जिलने नाकात मोरणी घातली, पॅंट घातली, वकील केला. जेसाने तसलं काही केलं नाही. तिला तिचं घर, तिची मुलं, तिची श्रद्धा प्रिय आहे असं दिसतं, आणि तेही चालतं. सगळ्याच जणी बाहेर पडल्या तरच त्या सुटल्या, असा तुमच्यातल्या दुसऱ्या तटाचा हट्ट मला छत्रीवाल्यांच्या हट्टाइतकाच जाचक वाटतो.

तुम्ही म्हणाल, आता त्या स्वतःच कॅमेऱ्यापुढे बसतात, स्वतःच्या वाहिन्या चालवतात, जाहिराती करतात, मग आम्ही पाहिलं तर बिघडलं कुठे? माझ्या मते फारसं बिघडत नाही. खातं त्यांचं, पैसे त्यांचे, कॅमेरा बंद करायचं बटण त्यांच्या हातात. त्यांच्या मुलांचं तसं नाही, म्हणून मी या पत्रात एकाही नातवंडाचं नाव लिहिलेलं नाही.

आणि डगर संपले म्हणून हा प्रकार संपलेला नाही. टीएलसीनेच २०१९ मध्ये जॉर्जियातल्या प्लाथ कुटुंबाला आणलं. तेही तसंच, कडक धार्मिक, मुलांना कोला कशी लागते माहीत नाही असं सांगितलं जाणारं. तिथेही मध्यभागी नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं, ईथन आणि ओलिव्हिया, आणि सासूशी त्यांचं झालेलं भांडण. आपण पाहिलं. पुढे ईथन-ओलिव्हिया वेगळे झाले, त्याआधी सासूसासरेही वेगळे झाले, तेही पाहिलं. पुढचं कुटुंब कुठेतरी तयार होत असेलच.

तेव्हा अशी एखादी एकोणीस वर्षांची नवरी पुन्हा पडद्यावर आली की महिने मोजण्याआधी वाहिनीला विचारा: करारावर सही कोणाची आहे, ती पूर्ण करार वाचून केली का, तिच्या बाजूने वकील होता का, चेक कोणाच्या नावे निघतो, आणि उद्या तिने "हे दाखवू नका" म्हटलं तर ऐकणार कोण. वाहिनी अशा पत्रांना उत्तर देत नाही, असा अनुभव असेल तर जाहिरातदारांना लिहा. २०१५ मध्ये प्रकरण पेटलं तेव्हा जनरल मिल्ससारख्या कंपन्यांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या, त्यानंतर दोनेक महिन्यांत मालिका बंद झाली. त्यांचा पत्ता शोधायलाही कुठे जावं लागत नाही, सकाळच्या सीरियलच्या खोक्यावर छापलेला असतो. उत्तर आलं तर मलाही कळवा.

आपली,
तुमच्यातलीच एक प्रेक्षक
बेंटनव्हिल, आर्कान्सा